आधी अर्ज, मग प्रदर्शन

(अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या एकदिवसीय कार्यशाळेतील भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. सोमवार ते शुक्रवार पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. शनिवार-रविवारी जमेल तेव्हा कॉलेजच्या मुलामुलींबरोबर बसतो आणि त्यांच्या प्रोजेक्टमध्ये पेटंट घेण्यासारखे काही आहे का, ते शोधतो. मी वकील नाही, नोंदणीकृत पेटंट एजंटही नाही. अर्ज तुम्ही स्वतः करायचा असतो किंवा एजंटमार्फत. मी फक्त सोबत बसतो. एवढे आधीच सांगितले, म्हणजे नंतर गैरसमज नको.

सुरुवातीला एक प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या प्रोजेक्टचा व्हिडिओ यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकला आहे? हात वर करा. बरेच आहेत. आता त्यातल्या ज्यांनी व्हिडिओ टाकण्याआधी पेटंटचा अर्ज केला होता, त्यांनीच हात वर ठेवा.

सगळे हात खाली आले. लाजू नका. तेरा वर्षांपूर्वी माझाही हात खालीच आला असता. ती गोष्ट आधी सांगतो, कायदा नंतर.

मी मालेगावचा. २०१२ साली ई अँड टीसीला शेवटच्या वर्षाला होतो. माझा प्रोजेक्ट पार्टनरही आमच्याच गावचा. त्याचे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. एक माणूस एका वेळी सहा-सहा, आठ-आठ माग सांभाळतो. जुन्या साध्या मागावर उभा धागा तुटला तर माग थांबत नाही. कापड विणले जात राहते आणि त्यात एक रेघ पडते. ती लक्षात येईपर्यंत काही मीटर कापड गेलेले असते. मग त्या डागाचे पैसे मजुरीतून कापले जातात. महागड्या ऑटोमॅटिक मागांवर धागा तुटला की माग आपोआप थांबण्याची सोय असते. जुन्या मागावर ती बसवायची म्हणजे मागापेक्षा सोय महाग.

माझ्या पार्टनरने डोके चालवले. मागाला भोक न पाडता, नुसती क्लिप लावून बसेल अशी एक छोटी पट्टी त्याने केली. धागा तुटला की ती हलायची, आणि तो हलण्याचा सिग्नल मागाच्या एरवीच्या धडधडीतून वेगळा काढून मोटर बंद व्हायची. तो सिग्नल वेगळा काढण्याचे काम माझे होते. सगळा खर्च काही शे रुपये. चाचांच्या कारखान्यात रात्रपाळीला आम्ही ते लावून पाहिले. धागा तुटला, माग थांबला, आणि चाचा काही बोललेच नाहीत. नुसते त्या थांबलेल्या मागाकडे बघत राहिले.

पुढे एका प्रोजेक्ट स्पर्धेत आम्हाला पहिले बक्षीस मिळाले. त्या आनंदात मी सहा मिनिटांचा व्हिडिओ बनवला. पट्टी कशी बसते, क्लिप कुठे लागते, तारा कुठे जातात, सगळे जवळून दाखवले. यूट्यूबवर टाकला आणि खाली दोघांची नावे लिहिली.

दीड-दोन वर्षांनी कोणीतरी सांगितले की दुसऱ्या एका यंत्रमागाच्या गावात अशीच पट्टी विकायला आली आहे. मग आम्हाला जाग आली. २०१४ मध्ये उसने पैसे काढून पेटंटचा अर्ज केला. २०१९ मध्ये पेटंट कार्यालयाकडून पहिला परीक्षण अहवाल आला. त्यात पहिलाच आक्षेप होता की हा शोध नवीन नाही, अर्जाच्या तारखेआधीच तो जगजाहीर झालेला आहे. पुरावा म्हणून एका यूट्यूब व्हिडिओचा पत्ता दिला होता. व्हिडिओ टाकणाऱ्याचे नाव माझे.

पेटंट कार्यालयाने काही चूक केली नव्हती. परीक्षकाने त्याचे काम चोख केले होते. चूक माझी होती. चाचांना हे समजावून सांगताना मला घाम फुटला. ते एवढेच म्हणाले, "बेटा, चीज हमारी, वीडियो हमारा, और हमारे ही खिलाफ गवाही?" त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे, आणि तेच सांगायला मी आलोय.

पेटंट म्हणजे एक सौदा असतो. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, पण आपण पेटंटच म्हणू. तुम्ही सरकारला सांगता की मी हा नवा शोध लावला आहे आणि तो कसा चालतो हे मी सगळ्या जगाला लिहून देतो, काही लपवत नाही. त्या बदल्यात सरकार म्हणते की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तुमच्या परवानगीशिवाय हा शोध दुसऱ्या कोणाला बनवता, वापरता, विकता येणार नाही. २० वर्षांनंतर तो सगळ्यांचा. हा हक्क देशापुरता असतो. भारताचे पेटंट भारतात चालते, जर्मनीत नाही.

आता चाचांच्या प्रश्नाचे उत्तर. तुम्ही सरकारला जे देणार, ते म्हणजे नवी माहिती. ती तुम्ही आधीच चौकात वाटून टाकली असेल, तर सौद्यात द्यायला तुमच्याकडे उरले काय? वाटणारा परका आहे की तुम्ही स्वतः, हे कायदा साधारणपणे बघत नाही. म्हणून आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: आधी अर्ज, मग प्रदर्शन.

"पण सर, वर्षभराची सवलत असते असे ऐकलेय," असे कोणीतरी नेहमी विचारते. अमेरिकेत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रसिद्धीला एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे पेटंट कायदा १९७० च्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, अशा मोजक्या गोष्टी तिच्यात बसतात. कॉलेजचे टेक-फेस्ट बसत नाही, यूट्यूब बसत नाही, लिंक्डइन बसत नाही. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात. शोध नवीन हवा, जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेला नको. दुसरे, त्या विषयातल्या जाणकाराला "हे तर कोणीही केले असते" असे वाटू नये. आणि तिसरे, तो उद्योगात वापरता यायला हवा.

याशिवाय कलम ३ आहे. पेटंट कशाला मिळत नाही, त्याची ती यादी आहे. पारंपरिक ज्ञानाला मिळत नाही. हळदीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरण्यासाठी पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले जुने लेखी संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या आजीचा बटवा कोणाला पळवता येत नाही, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ औषधनिर्माणाच्या मुलांसाठी आहे. आजीचा काढा नुसता कॅप्सूलमध्ये भरला तर तुम्हालाही पेटंट मिळणार नाही. दोन माहितीतल्या गोष्टी नुसत्या एकत्र केल्या आणि दोघींचे गुण तेवढेच राहिले, तरी मिळणार नाही. एकत्र आल्यावर काहीतरी जास्तीचे घडले पाहिजे, आणि ते प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवता आले पाहिजे.

माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांसाठी, कलम ३(के). नुसता संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम, गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, यांना पेटंट नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मुले ॲप घेऊन येतात. रिक्षा शोधण्याचे ॲप, जुनी पुस्तके विकण्याचे ॲप. त्यांना मी सरळ सांगतो, बाळांनो, यात पेटंट नाही. तुमच्या कोडवर कॉपीराइट आहे, तो लिहिल्या क्षणापासून आहे. नाव आणि बोधचिन्हासाठी ट्रेडमार्क घ्या. पण तुमच्या सॉफ्टवेअरमुळे एखादे यंत्र वेगळ्या रीतीने चालत असेल, एखादी तांत्रिक अडचण सुटत असेल, तर मात्र थांबा, त्यावर बोलू. आमच्या पट्टीतली सिग्नल वेगळा काढण्याची युक्ती तशीच होती.

शेतीच्या मुलांनी दादाजी खोब्रागडे यांचे नाव विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या गावचे अगदी अल्पभूधारक शेतकरी. वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी एचएमटी हा तांदूळ तयार केला. तो कुठच्या कुठे पोहोचला. दादाजींना सन्मान मिळाले, पण त्या तांदळाच्या कमाईतला वाटा त्यांच्या घरी कधी नीट आला नाही. २०१८ मध्ये ते गेले. पिकाच्या वाणाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. पण त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यात शेतकऱ्यालाही वाणाची नोंदणी करता येते. म्हणजे दार कोणते ठोठवायचे, हे आधी कळायला हवे.

आता पैशांचे बोलू. पेटंट म्हणजे लाखोंचा खेळ, असे आपल्या घरांत पक्के बसले आहे. सरकारी शुल्क सांगतो, लिहून घ्या. एक व्यक्ती म्हणून तुम्ही ऑनलाइन अर्ज केला तर १६०० रुपये. यात ३० पानांपर्यंतचे वर्णन आणि १० दावे येतात. परीक्षणाची विनंती करायला ४००० रुपये. दोन्ही मिळून ५६००. चार जणांचा ग्रुप असेल तर माणशी १४००. मोठ्या कंपनीला नुसत्या अर्जासाठीच ८००० पडतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही व्यक्तीइतकेच शुल्क लागते, त्यामुळे कॉलेजच्या नावाने अर्ज केला तरी तो महाग पडत नाही. एजंटची फी वेगळी, आणि ती ज्याची त्याची असते. पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण लागते. सुरुवातीच्या वर्षांत ते ८०० रुपये असते, पुढे वाढत जाते.

अर्ज दोन प्रकारे करता येतो. शोध पूर्ण तयार असेल तर थेट पूर्ण तपशिलासह. नसेल तर तात्पुरत्या तपशिलासह, ज्याला प्रोव्हिजनल म्हणतात. विद्यार्थ्यांसाठी ही फार कामाची सोय आहे. समजा मार्चमध्ये स्पर्धा आहे आणि मशीन अजून अर्धवट आहे. जे डोक्यात पक्के झाले आहे ते आकृत्यांसह नीट लिहा, प्रोव्हिजनल अर्ज करा, तारीख तुमची झाली. मग खुशाल स्पर्धेला जा. पण १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दाखल करायलाच हवा, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. आणि नुसते शीर्षक आणि दोन ओळी लिहून प्रोव्हिजनल करू नका. त्यात जेवढे लिहिले आहे तेवढ्यालाच ती तारीख मिळते.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. ते अँटॉप हिलला आहे, पण तिथे जायची गरज पडत नाही, सगळे ऑनलाइन होते. अर्ज क्रमांकात आधी चार आकडे वर्षाचे, आणि पाचवा आकडा २ असेल तर तो मुंबईचा. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती पूर्वी ४८ महिन्यांत करायची असे, मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी ती मुदत ३१ महिन्यांवर आणली आहे. विनंती केली नाही तर कोणी तुमचा अर्ज उघडूनही बघत नाही. मुलींसाठी एक खास गोष्ट. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांच्यात किमान एक स्त्री असेल, तर जलद परीक्षण मागता येते. त्याचे शुल्क ८००० आणि लवकर प्रसिद्धीचे २५००.

अर्जाआधी शोधाशोध करा. सरकारी संकेतस्थळावर 'इनपास' नावाचा शोध आहे. गूगल पेटंट्स आहे, युरोपियन कार्यालयाचे एस्पेसनेट आहे. तिन्ही फुकट. दोन रविवार द्या. दहापैकी सहा-सात वेळा आपली कल्पना कोणीतरी आधीच केलेली सापडते. वाईट वाटते, पण ते वाया जात नाही. समोरच्याने कुठे हात टेकले, ते कळते आणि तिथून तुमचा खरा शोध सुरू होतो.

मग येतात दावे. पेटंटचा जीव त्यांच्यात असतो. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचा बांध, तसे दावे असतात. तुमची हद्द कुठपर्यंत, ते दाव्यांनी ठरते. आमच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, "लोखंडी पट्टी". एका जाणत्या एजंटने विचारले, "उद्या कोणी प्लास्टिकची केली तर?" माझ्या लक्षात आले की मी स्वतःच कुंपणाला भगदाड ठेवले होते. म्हणून वर्णन तुम्ही स्वतः लिहा, शोध तुम्हालाच जास्त कळतो. पण दावे मात्र एखाद्या नोंदणीकृत एजंटला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि हो, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी, वयाची २१ वर्षे आणि एक परीक्षा, एवढ्यावर तुम्हीही पेटंट एजंट होऊ शकता. आपल्या घरांतून या पेशात फार कमी जण गेले आहेत. त्याचाही विचार करा.

आता थोडे कडू. काही जणांना राग येईल, पण बोलायला हवे.

आजकाल कॉलेजांच्या मूल्यांकनात पेटंट मोजली जातात. त्यातून एक बाजार उभा राहिला आहे. व्हॉट्सॲपवर जाहिरात येते: "पेटंट प्रसिद्ध करून मिळेल, संशोधक म्हणून तुमचे नाव, पहिल्या क्रमांकाला इतके, चौथ्या क्रमांकाला इतके." पैसे भरायचे आणि न लावलेल्या शोधाचे संशोधक व्हायचे. याला मी फसवणूक म्हणतो. असे पाहा, प्रसिद्ध झालेला अर्ज म्हणजे पेटंट नव्हे. अर्ज वेळेवर केला की तो १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतोच, त्यात कर्तबगारी काही नाही. काही ठिकाणी तर वस्तूच्या बाह्यरूपाची डिझाइन नोंदणी करून तिलाच पेटंट म्हणून फलकावर लावतात. उद्या मुलाखतीत कोणी विचारले की तुमच्या पेटंटचा पहिला दावा काय आहे, तर काय सांगणार?

दुसरी बाजू याहून वाईट आहे. खरा शोध लावणाऱ्याचेच नाव गळते. काही वर्षांपूर्वी औषधनिर्माणची एक मुलगी मला भेटली. तिने आठ महिने राबून मलमाचे एक मिश्रण तयार केले होते. सहज म्हणून आम्ही इनपासवर शोधले, तर त्याच कामाचा अर्ज प्रसिद्ध झालेला होता. संशोधक म्हणून पाच नावे, तिचे नव्हते. ती रडली नाही. म्हणाली, "सर, माझ्या वहीत तारखा आहेत." ती वही, सगळ्या नोंदी, ई-मेल घेऊन तिने कॉलेजला लेखी पत्र दिले. भांडण नाही, घोषणा नाही, नुसते कागद. कायद्याच्या कलम २८ मध्ये संशोधक म्हणून नाव लागण्याचा हक्क आहे, त्यासाठी फॉर्म ८ आहे, हेही तिने पत्रात लिहिले. तिचे नाव लागले.

म्हणून दोन शब्दांतला फरक पाठ करा. 'संशोधक' म्हणजे ज्याच्या डोक्यातून शोध आला तो. 'अर्जदार' म्हणजे ज्याच्या मालकीचे पेटंट होणार तो. अर्जदार कॉलेज असू शकते. तुम्ही प्रयोगशाळा, निधी, मार्गदर्शन वापरले असेल आणि कॉलेजचे धोरण तसे असेल, तर त्यात गैर काही नाही. पण ते धोरण आधी मागून वाचा, उत्पन्नातला वाटा किती ते बघा, आणि मग सही करा. संशोधक मात्र संशोधकच असतो. सरांनी खरोखर युक्ती सुचवली असेल तर त्यांचे नाव आदराने घाला. केवळ ते विभागप्रमुख आहेत म्हणून घालू नका, आणि पार्टनरशी भांडण झाले म्हणून त्याचे नाव काढू नका. हा व्यवहाराचा प्रश्न आहे, तसाच तो इमानाचाही आहे. मागे बसलेल्या सर-मॅडमांना हात जोडून विनंती, या बाबतीत पहिले पाऊल तुम्ही टाका.

पेटंट मिळाले म्हणजे पैसा आला, असेही समजू नका. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे, १८६७ ते १९३५. छपाईचे खिळे ओतणारे यंत्र त्यांनी लंडनमध्ये बनवले, परदेशांत पेटंटे घेतली. दादाभाई नौरोजींसारख्या माणसाने त्यांना मदत मिळवून देण्यासाठी धडपड केली. तरी भांडवलासाठी त्यांची वर्षानुवर्षे ओढाताण झाली. पेटंट म्हणजे दुकानाचा गाळा आहे, चालणारे दुकान नव्हे.

याच्या उलट तेलंगणातले चिंतकिंदी मल्लेशम पाहा. शाळा लहानपणीच सुटलेली. पोचमपल्ली साडीसाठी आसूवर धागा गुंडाळताना आईचा खांदा दुखायचा, एका साडीला हात हजारो वेळा हलवावा लागायचा. त्यांनी ते काम करणारे यंत्र बनवले, त्याचे पेटंट घेतले, आणि ते यंत्र विणकरांच्या घरांत पोहोचले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल वाचले तेव्हा मला आमची पट्टी आठवली. त्यांच्याकडे पदवी नव्हती. आमच्याकडे होती, पण क्रम चुकला.

आणि काही वेळा पेटंट न घेणेही बरोबर असते. तुम्हाला वाटत असेल की ही गोष्ट सगळ्यांना फुकट मिळावी, तर ती पूर्ण तपशिलासह, तारखेसह प्रसिद्ध करा. मग तिच्यावर दुसरे कोणी पेटंट घेऊन मालकी सांगू शकणार नाही. हा मार्गही सन्मानाचा आहे. फक्त तो ठरवून घ्या. आमच्यासारखा अजाणतेपणी घेऊ नका.

आमच्या गोष्टीचा शेवट राहिला. अहवाल आल्यावर आम्ही हात टेकले. उत्तराला सहा महिने होते, आम्ही दिलेच नाही, आणि अर्ज सोडून दिल्याचा शेरा बसला. पुढे एका एजंटने तो व्हिडिओ नीट बघितला आणि म्हणाला, "यात पट्टी दिसते, क्लिप दिसते. पण सिग्नल वेगळा कसा काढता, ते कुठे दाखवलेय? तेवढ्यापुरते दावे अरुंद करून उत्तर दिले असते तर कदाचित वाचले असते." म्हणजे चुका दोन झाल्या. पहिली व्हिडिओची, दुसरी न लढण्याची. पहिला अहवाल म्हणजे नकार नसतो. बहुतेक अर्जांवर आक्षेप येतातच. तो परीक्षकाने विचारलेला प्रश्न असतो, त्याला उत्तर द्यायचे असते. आपल्याकडे सरकारी लिफाफा आला की घर गप्प होते. ती सवय मोडा.

मालेगावात आज काही मागांवर तशी पट्टी दिसते. कोणी बनवली, कोणालाच माहीत नाही. चाचांचे आता वय झाले. परवा मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "चलो, माग तो रुकता है ना." त्यांनी मला माफ केले आहे. पण २०१९ नंतर मी शनिवार-रविवार कुठे असतो, याचे कारण ते आहेत.

आज घरी गेल्यावर तीन कामे करा. एक पक्क्या बांधणीची वही घ्या, पाने मोजून क्रमांक टाका, आणि प्रत्येक प्रयोग तारखेसह लिहा. त्या वहीने पेटंटची तारीख मिळत नाही, ती अर्जानेच मिळते, पण कोणी काय केले हे सांगायला तिच्यासारखा साक्षीदार नाही. दुसरे, कॉलेजच्या आयपीआर सेलमध्ये जाऊन धोरणाची प्रत मागा. तिसरे, जो व्हिडिओ उद्या टाकणार होता, तो थांबवा.

आता प्रश्नोत्तरे. मी इथेच आहे, संध्याकाळपर्यंत. फक्त एक विनंती. प्रश्न विचारताना उत्साहाच्या भरात माइकवर तुमची कल्पना सांगू नका. समोर मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू आहे.